परतलेल्या शिपायाची गोष्ट

बीडहून सोलापूरकडे निघालेला महामार्ग घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर येतो, तिथे मांजरसुंबा आहे. नगरकडून पाटोद्यामार्गे येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथेच त्याला छेदतो. जवळच मन्मथस्वामींचे कपिलधार असल्याने कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला हा चौक माणसांनी भरून जातो आणि दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या याच वाटांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. गाव सोडून लांब जायचे आणि हंगाम संपल्यावर परत येऊन तिकडचे सांगायचे, हे या मुलुखाच्या अंगवळणी पडलेले आहे. जाणाऱ्यांमध्ये शिपाईही होते. आज बीड जिल्ह्यातल्या एखाद्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात शांतीसेनेतून श्रीलंकेत जाऊन आलेले दोन-चार जण एका बाकावर बसले, तर अर्ध्या तासात बोलणे जाफन्यावर येते. परमुलखातल्या अवघड मोहिमेची आठवण शिपायाने स्वतःच्या तोंडाने सांगावी, यात आपल्याला विशेष असे काही वाटत नाही. पण या सांगण्याला मोठी वंशावळ आहे, आणि तिच्यात शिपायाचा स्वतःचा आवाज फार उशिरा ऐकू येतो.

मागे जाता येईल तितके मागे गेलो की आपण वीरगळापाशी पोहोचतो. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी, शेंदूर फासलेल्या अवस्थेत हे दगड उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाईंसाठी किंवा गावासाठी मेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे आणि ती सांगतो गाव. बहुतेक वीरगळांवर नावही नाही. लढून जिवंत परतला त्याच्यासाठी मात्र असा दगड कोणी उभा केला नाही. शिपायाच्या आठवणीचा पहिला नियम तिथेच ठरला असे मला वाटते. मेलेल्याची आठवण गावाने जपायची, आणि परतलेल्याने कामाला लागायचे.

अठराव्या शतकात हाच मुलूख मोठ्या फौजांच्या वाटेवर आला. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला. ते राक्षसभुवन आज गेवराई तालुक्यात आहे. मार्च १७९५ मधली खर्ड्याची लढाईही इथून फार दूर झाली नाही. त्या काळातली दख्खनी माणसाची सर्वांत अवघड परमुलखी मोहीम अर्थातच पानिपतची. तिची पहिली बातमी सावकारी पत्रातून मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत आली. पुढे भाऊसाहेबांची बखर झाली, शाहिरांनी पोवाडे रचले आणि शुजाउद्दौल्याच्या छावणीत असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत आपली हकीकत लिहिली. पण या सगळ्यांत उपाशी घोड्याची लगाम धरून दक्षिणेकडे चालत आलेला साधा बारगीर कुठे बोलतो? बखर सरदारांची असते आणि पोवाडा ज्याच्यापुढे गायचा त्याचा असतो.

साध्या शिपायाचे नाव दगडावर आले ते इंग्रजी अमलात. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर भीमाकाठी जो स्तंभ उभा राहिला, त्यावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली गेली आणि त्यांत २२ नावे महार शिपायांची होती. ही नोंद आपण लक्षात ठेवू, कारण शंभर वर्षांनी हेच सरकार नेमके उलट वागणार होते.

समुद्र ओलांडण्याची कथा तोवर सुरू झाली होती. १८०१ मध्ये नेपोलियनच्या फौजेविरुद्ध इजिप्तला जे हिंदी सैन्य गेले, त्यात मुंबई इलाख्याचे शिपाई होते. तांबड्या समुद्राकाठी उतरून त्यांनी वाळवंट पायी तुडवले आणि मग नाईलच्या प्रवाहाने खाली गेले. १८६७-६८ मध्ये मुंबईहूनच अॅबिसिनियाची स्वारी निघाली, तीत तोफा वाहायला ४४ हत्तीही नेले होते. हत्तींची ही संख्या मोहिमेच्या इतिहासांत हमखास सापडते, पण त्यांच्यामागून चढण चढणाऱ्या शिपायाला काय वाटले हे सापडत नाही. परत आल्यावर त्याला बहुधा आधी प्रायश्चित्ताचा प्रश्न पडला असेल. समुद्रापारच्या गोष्टी चारचौघांत रंगवून सांगणे सोयीचे नव्हते.

आता आपण मांजरसुंब्याहून केजमार्गे अंबाजोगाईला जाऊ. निजामी अमलात तिचे नाव मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, साहेब इंग्रज, आणि तिच्या खर्चासाठी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलेला, असा तो विचित्र कारभार. १८५८ मध्ये या कंटिन्जंटच्या तुकड्या सर ह्यू रोझबरोबर झाशी-काल्पीकडे गेल्या. त्याच वेळी झाशीच्या आत अडकला होता वरसईचा एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे. त्याने पंचवीस वर्षांनी ‘माझा प्रवास’ लिहिला आणि तो १९०७ मध्ये छापला गेला. तटाच्या आतल्या भिक्षुकाची हकीकत मराठीला मिळाली, बाहेरच्या दख्खनी स्वाराची मिळाली नाही. लढाईला शिपाई म्हणून न गेलेला माणूस ती अधिक मोकळेपणाने सांगतो, याचे मला तरी हे सर्वांत चांगले उदाहरण वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र शिपायाचे एक स्वतःचे लेखन निघाले, आणि ते ना बखरीच्या रूपात होते ना चरित्राच्या. तो होता अर्ज. १८९० नंतर महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आपल्या लोकांनी केलेल्या चाकरीचा दाखला देत सरकारकडे दाद मागितली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांपर्यंत नेली. आम्ही कुठे लढलो, कोणाबरोबर लढलो, हे सांगण्यामागे आता हेतू होता. आठवण हा पुरावा झाला. आजचा माजी सैनिक पेन्शनच्या कागदांबरोबर आपल्या तैनातीची यादी जोडतो, तेव्हा तो या अर्जांच्याच परंपरेत उभा असतो.

१९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून आलेले विसावे डेक्कन हॉर्स १९१४ मध्ये फ्रान्सला गेले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणधुमाळीत, हाय वूड नावाच्या जंगलाजवळ, या रेजिमेंटने उभ्या पिकातून भाले रोखून चढाई केली. मशिनगनच्या काळातली ती घोडदळाची चढाई आजही युद्धेतिहासात सांगितली जाते. निजामाचे स्वतःचे हैदराबाद लान्सर्स इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. दिल्लीच्या तीन मूर्तींमधली एक त्यांच्यासाठी आहे, उरलेल्या दोन म्हैसूर आणि जोधपूरच्या स्वारांसाठी.

मराठी शिपायाची खरी कसोटी मात्र फ्रान्समध्ये नव्हे, इराकमध्ये लागली. तेव्हा त्या मुलुखाला मेसोपोटेमिया म्हणत. बसऱ्याहून तैग्रिसच्या काठाने बगदादकडे निघालेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते. टेसिफोनला तुर्कांचा मार खाऊन ती मागे फिरली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा या नदीच्या वळणावरल्या गावात कोंडली गेली. एकशेतिसरी, एकशेदहावी आणि एकशेसतरावी अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. पावसाने खंदक भरले, मग थंडी आली आणि मग दाणा संपत आला. घोडी कापून खाण्याची पाळी आली, तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली आणि ती आल्यावरही अनेकांचा हात उचलेना, कारण गावी कळले तर काय, हा प्रश्न कोणत्याही परवानगीने सुटणारा नव्हता. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली गेली, त्यांतली काही नदीत पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी १४७ दिवसांचा वेढा शरणागतीने संपला आणि सुमारे १३ हजार माणसे, बहुतांश हिंदी, तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांना वाळवंटातून मोसुलकडे आणि पुढे रास-अल-ऐनकडे चालवत नेले, रेल्वेच्या कामावर जुंपले. हजारो जण परतले नाहीत. त्यांचा सेनापती टाउनशेंड कैदेतले दिवस इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहून काढत होता, आणि पुढे पुस्तक लिहिले तेही त्याने.

कूतच्या कैदेची हकीकत बंगालीत आहे. बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरचा शिशिर सर्वाधिकारी हा तरुण त्या वेढ्यात होता. त्याने रोजनिशीची पाने फाडून बुटात लपवली, कैदेत नव्याने मजकूर जुळवला आणि चाळीस वर्षांनी ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक काढले. तीन मराठा पलटणी तिथे असताना असे पुस्तक आपल्या शाळा-वाचनालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले जायला हवे होते. तसे झाले नाही, याचे कारण लिहिता येण्या-न येण्यात जसे आहे तसे ऐकणाऱ्यांतही आहे. शरण गेलेल्या पलटणीची गोष्ट कोणाला हवी असते?

फ्रान्सच्या आघाडीवरून शिपाई पत्रे लिहीत किंवा लिहून घेत. ही पत्रे बुलोनच्या सेन्सॉर कचेरीत वाचली जात, त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवले जात आणि मूळ पत्र पुढे गावी जाई. गावाकडली पत्रे बहुतेक नाहीशी झाली, सरकारी उतारे तेवढे लंडनच्या दप्तरात उरले. शिपायांना सेन्सॉर आहे हे ठाऊक असल्याने तेही सांकेतिक लिहीत. हिंदी शिपाई म्हणजे काळी मिरी आणि गोरा म्हणजे लाल मिरची, अशा मसाल्याच्या भाषेत किती शिल्लक आहे हे घरी कळवले जाई. पानिपतच्या मोत्यांपासून फ्रान्सच्या मिरीपर्यंत दीडशे वर्षे गेली, तरी पराभवाची बातमी आडूनच सांगायची रीत टिकली. ११ डिसेंबर १९१६ रोजी बर्लिनजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी मल सिंह नावाच्या पंजाबी शिपायाचा आवाज ध्वनिमुद्रित केला. तो बोलतो स्वतःबद्दलच, पण कोणा एका तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगावी तसा. आपल्याकडचे जुने शिपाईही अवघड भागाशी आले की ‘मी’ सोडून ‘एक जवान होता’ म्हणू लागतात. हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मल सिंहाची ध्वनिमुद्रिका परकी वाटणार नाही.

युद्ध संपले आणि स्मारकांचा काळ आला. २७ मार्च १९२९ रोजी बसऱ्याला मोठे स्मारक उघडले गेले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठी ते आहे. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे तेवढे टाकले. १८१८ च्या शिपायाला कोरेगावला नाव मिळाले, आणि शतकानंतर कूतच्या शिपायाला आकडा. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती एप्रिल २०२१ मध्ये. इकडे सातारा-कोकणातल्या गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढाच मजकूर, पुन्हा आकडेच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात पडले आणि गावाचे नाव अपशिंगे मिलिटरी झाले. बीड निजामाच्या राज्यात होते, भरतीचा मुख्य पट्टा नव्हता, त्यामुळे इथे ती आठवण आणखी विरळ.

१९२२ मध्ये मराठा पलटणी एकत्र करून बेळगाव हे त्यांचे घर ठरले आणि तिथे पलटणीची स्वतःची स्मृती रुजली. जंगी पलटण, काळी पाचवी ही नावे, शरकतच्या लढाईचा वर्धापन दिन, बडाखान्यातले किस्से. दुसऱ्या महायुद्धाचे किस्से याच साच्यात बसले, आणि ते विजयाचे असल्याने मोकळेपणाने सांगितले गेले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर लढून जिवंत परतलेले नामदेव जाधव, या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावे सूर्यघड्याळ उभारले. याउलट ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी मलायात उतरले तेव्हा कोटा भारूच्या विमानतळावर हैदराबाद संस्थानाची पहिली पायदळ पलटण होती, आणि ती कोसळली. तिच्यासाठी सूर्यघड्याळ कोण उभारणार?

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि बीडच्या पोराला भारतीय सैन्याचे दार सरळ उघडले. परदेशी जाणे आता राजासाठी नव्हते, शांततेच्या नावाने होते. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात होते. त्या फौजेच्या टपालासाठी भारतीय तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ ही अक्षरे देवनागरीत छापली गेली. सेन्सॉरच्या इंग्रजी उताऱ्यापासून या तिकिटापर्यंतचे अंतर लहान नाही. गाझा, काँगो या मोहिमा पुढे झाल्या. तिथून आलेल्या माणसाकडे फोटो, घड्याळ आणि रेडिओ असे, आणि गोष्ट बहुधा हसतखेळत सांगितली जाई.

श्रीलंकेने ते बदलले. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि भारताची शांतीसेना जाफन्यात उतरली. सुरुवातीला तमिळ लोकांनी हार घातले. ऑक्टोबरात एलटीटीईच्या तमिळ वाघांविरुद्ध ऑपरेशन पवन सुरू झाले, आणि ज्यांचे रक्षण करायला गेलो त्यांच्यातूनच गोळी येऊ लागली. ज्या वाघांशी लढायचे होते, त्यांतल्या अनेकांना काही वर्षांपूर्वी भारतातच प्रशिक्षण मिळाले होते. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी जवळजवळ पुरती कापली गेली. कूतमध्ये उपाशी राहिलेली एकशेतिसरी, म्हणजे आजची पहिली मराठा अर्थात जंगी पलटण, याही लढाईत होती. कोरेगावच्या स्तंभापासून वलंगकरांच्या अर्जापर्यंत ज्यांची कथा आपण पाहिली, त्यांची महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली होती. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी पडले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मिळालेले परमवीरचक्र हे त्या मोहिमेतले एकमेव.

श्रीलंकेहून आलेले जवान जे सांगतात त्यात शौर्य कमी आणि गोंधळ जास्त असतो. भाषा कळत नव्हती, माणूस साधा आहे की वाघ हे ओळखू येत नव्हते, रस्त्याखाली सुरुंग, ताडाच्या झाडांवर नेमबाज, नकाशे जुने. हुकूम आठवड्याला बदलत. परतीही तशीच झाली. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच शांतीसेनेने चालते व्हावे असे सांगितले आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी निघाली. मद्रासच्या बंदरात तिच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. सुमारे १,२०० जण मेले होते. त्यांचे स्मारक आधी कोलंबोजवळ उभे राहिले, २००८ मध्ये. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यांची नावे आली ती २०१९ मध्ये. नावे आली, आकडे नव्हेत, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे.

सेनाधिकाऱ्यांनी या मोहिमेवर लिहिले, पण इंग्रजीत. जाफन्यात डिव्हिजन सांभाळलेल्या एस. सी. सरदेशपांडे यांचे ‘असाइनमेंट जाफना’ १९९२ चे, आणि ते पुष्कळ प्रांजळ आहे. मराठीत मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ च्या पराभवावर लिहिलेल्या पुस्तकाला ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ असे नाव दिले. ते नाव कूतला चालले असते आणि जाफन्यालाही. नायक, हवालदार, सुभेदार या माणसांनी मात्र कागदाऐवजी एकमेकांची निवड केली. पलटणीचा स्थापना दिवस, माजी सैनिकांचा मेळावा, एखाद्या सोबत्याच्या मुलीचे लग्न आणि आता मोबाइलवरचा ग्रुप. तिथे ‘एक जवान होता’ म्हणावे लागत नाही, कारण समोरचा तिथे होता. वीरगळापासून निघालेल्या या वाटेवर शिपाई ‘मी’ म्हणून बोलू लागला तो इथे, पण ऐकणारा शिपाईच राहिला. घरच्यांना सुरुंगाची गोष्ट नव्हे, नारळाची आणि समुद्राची सांगितली जाते.

१९८७ मध्ये विशीत असलेला जवान आज साठीच्या आसपास आहे, त्याचा हवालदार सत्तरी ओलांडून गेला. मांजरसुंबा, नेकनूर, चौसाळा, केज या पट्ट्यातल्या वाचकांच्या माहितीत असा कोणी असेल, तर त्याच्यापाशी बसावे. पहिला प्रश्न किती मारले हा नसावा. पलटण कोणती, कंपनी कोणती, बोटीने गेलात की विमानाने, लंगरात काय शिजायचे, पत्र किती दिवसांनी यायचे, शेजारी कोण झोपायचा, हे विचारावे. तो ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत ते लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावे, आणि तो मध्येच थांबला तर पुढचे विचारू नये. एक प्रत घरी राहू द्यावी आणि त्याची परवानगी असेल तर दुसरी बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्यावी. कूतहून परतलेल्यांच्या बाबतीत ही संधी गेली. श्रीलंकेच्या बाबतीत ती अजून दहा-पंधरा वर्षे आहे.